डोंगरपाठाचा अंगठा

हाडेमामांचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. प्राणिशास्त्र विभागात छत्तीस वर्षं ज्याने मेलेल्या जनावरांची हाडं पाण्यात भिजवली, उकळली, घासली, तारेत ओवली आणि पुन्हा चार पायांवर उभी केली, त्याला विद्यार्थी दुसरं म्हणणार तरी काय? नवा आलेला प्राध्यापक पहिले दोन दिवस "अहो, ते अटेंडंट" म्हणायचा, तिसऱ्या दिवशी तोही हाडेमामांवर यायचा.

मामांचा एक खाक्या होता. विद्यार्थ्याला डोळे मिटायला लावायचे, हातात एक हाड द्यायचं आणि विचारायचं, "डावं की उजवं?" कुठल्या प्राण्याचं, कुठल्या भागाचं, ते नंतर. आधी डावं-उजवं. चुकला की मामा त्याच्या पायांकडे बघून म्हणत, "बूट तरी बरोबर पायात आहेत ना, बघ एकदा." अशा बोलण्याने कित्येक डॉक्टर, प्राध्यापक आणि जनावरांचे वैद्य घडले, असं मामा स्वतःच सांगत. खोटंही नव्हतं ते. डाव्या-उजव्यात या माणसाची चूक होणं शक्य नाही, अशी विभागात सगळ्यांची खात्री होती. दोन महिन्यांनी मामा निवृत्त होणार होते आणि ही खात्री सोबत घेऊनच त्यांना घरी जायचं होतं.

घरी मामी होत्या आणि आठ महिन्यांपूर्वी आलेली सून होती. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. हात स्थिर, नजर बारीक, बोलणं जवळजवळ नाहीच. "हो बाबा", "नको बाबा", "चालेल बाबा" एवढ्या तीन वाक्यांत तिने आठ महिने काढले होते. मामी म्हणायच्या, "पोरगी गुणी आहे हो, पण घरात असून पाहुण्यासारखी वागते. भांडी घासून ठेवली की जागेवर आहेत का ते मला विचारते." मामांनाही तिच्याशी काय बोलावं सुचत नसे. ज्या माणसाचं आयुष्य मुक्या प्राण्यांत गेलं, त्याला मुकी सून मिळावी हा योगायोग नाही, असं मामी पुटपुटायच्या.

रविवारी सकाळी मात्र ही सून न चुकता बाहेर जायची. कसला तरी क्लास असेल, असं दोघांनी धरून ठेवलं होतं. एका रविवारी ती परत आली ती नाक लाल करून. मामींनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि आठ महिन्यांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडलं.

'नऊ महाप्राणी' नावाची एक चित्रकथा होती. सहा मोठे भाग. नऊ दैवी प्राणी, त्यांची राज्यं, त्यांच्या लढाया. सून शाळेत असल्यापासून ती वाचत आली होती. चित्रकार कुणाला भेटत नसे, पत्रांना उत्तर देत नसे. पण सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर त्याने एक ओळ लिहून ठेवली होती : 'यातले नऊही प्राणी मी डोळ्यांनी पाहिलेले आहेत.' त्या एका ओळीने वाचकांची झोप उडवली. पाहिलेले आहेत म्हणजे कुठे? कुठल्या खऱ्या प्राण्यावरून काढले? एका पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी तीस-पस्तीस माणसं जमायची आणि यावर वाद घालायची. चांगली शिकलेली, पोटापाण्याला लागलेली माणसं. आठ प्राण्यांचा निकाल लागला होता. आगपंख्या म्हणजे टिटवी, यावर तर दोन साडू वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. आता राहिला होता फक्त नववा, डोंगरपाठ.

"मी म्हटलं, डोंगरपाठ म्हणजे पाणमांजर," सून म्हणाली. "सगळे हसले. आता मला नावच पडलंय. आत शिरले की म्हणतात, या पाणमांजर."

मामा पेपर वाचत होते, म्हणजे वाचत असल्याचं दाखवत होते. मूळचा स्वभाव उसळला. "जो प्राणी नाहीच, त्याचं मूळ शोधायला पस्तीस माणसं बसतात? इथे आहेत त्या प्राण्यांना कुणी विचारत नाही."

मामींनी डोळे वटारले. सून मात्र आत गेली आणि चौथा भाग घेऊन आली. पान उघडून तिने तो मामांच्या पेपरवरच ठेवला. "बाबा, तुम्ही हाडं जाणता. मी वेड्यासारखं काही म्हणतेय का, तेवढं सांगा."

चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं. डोंगरपाठ दरीतून चालत होता. खांदे डोक्याच्याही वर गेलेले, पाठीवर झाडं उगवलेली, पुढच्या पायांची ढोपरं बाहेर फेकलेली. बघूनच अंगावर यावा असा. मामांनी चष्मा वर केला आणि सवयीने जनावराचं मांस मनातल्या मनात उतरवून टाकलं. कवटी चपटी, तोंड आखूड. शेपूट बुडाशी जाड, टोकाला निमुळती. बोटांमध्ये पडदा. पोरीची नजर चांगली होती. पाणमांजरच होतं ते.

"वेड्यासारखं मुळीच नाही," ते म्हणाले. "कवटी बघ—"

आणि त्यांची नजर पुढच्या पायांवर गेली. पाच बोटं. सगळ्यांत लहान बोट अंगठ्याचं, ते पाणमांजराच्या आतल्या बाजूला असतं, आपल्या हातांसारखं. चित्रात ते बाहेरच्या बाजूला होतं. दोन्ही पुढच्या पायांना. मागच्या पायांना मात्र आत, जिथे असायला हवं तिथे. असा प्राणी देवाने केलेला नाही. असा एकच सांगाडा होता, आणि तो मामांनी केला होता.

"बाबा? कवटीचं काय?"

"कवटी बरोबर आहे," मामा म्हणाले आणि चष्मा पुसायला उठून गेले.

तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा तेव्हा रोजंदारीवर होते. एका कोळ्याने जाळ्यात अडकून मेलेलं पाणमांजर विभागात आणून दिलं. जुना अटेंडंट आजारी, विभागप्रमुख म्हणाले, बघ तुला जमतं का. मामांनी जनावर उताणं ठेवलं आणि हाडं सुटी करताना प्रत्येकावर पेन्सिलीने 'डा' आणि 'उ' लिहिलं. पण लिहिलं ते स्वतःच्या हातांप्रमाणे. समोर उताण्या पडलेल्या जनावराचा डावा पाय त्यांच्या उजव्या हाताला होता. मागचे पाय कमरेच्या खोबणीत बसतात, तिथे उलटं बसेना, तेव्हा ते आपोआप सुधारले गेले. पुढचे पाय फसवे. पाणमांजराचा खांदा कुठल्याच हाडाला जोडलेला नसतो, नुसत्या मांसाने अडकलेला असतो. मांस गेलं की त्याला अडवणारं काही नाही. डावा उजवीकडे बसला, उजवा डावीकडे. खांद्याची हाडं बरगड्यांना टेकेनात, म्हणून मामांनी ती तारेने उंच बांधली. ढोपरं बाहेर गेली, पाठीवर उंटासारखी मदार आली. पठ्ठ्याला वाटलं, पाणमांजर असंच असतं.

विभागप्रमुख खूश झाले. पाहुण्यांना दाखवू लागले. प्राध्यापक लोक सांगाड्याचं लेबल वाचतात, सांगाडा वाचत नाहीत, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्या सांगाड्यावर मामांची नोकरी कायम झाली. चार वर्षांनी मुंगसाचा सांगाडा बांधताना दोन्ही शेजारी ठेवले, आणि मामांना आपली चूक दिसली. सोडवून पुन्हा बांधायला दोन दिवस पुरले असते. पण सोडवताना कुणीतरी विचारलं असतं, का सोडवतोयस? मामांनी तो उचलला आणि कपाटाच्या सगळ्यांत खालच्या फळीवर, कोपऱ्यात ठेवून दिला. आणि त्याच वर्षापासून विद्यार्थ्यांना डावं-उजवं विचारायला सुरुवात केली.

मग वीसएक वर्षांपूर्वी चित्रकलेच्या कॉलेजचा एक लुकडा पोरगा परवानगी घेऊन आला होता. चार दुपारी जमिनीवर पालथा पडून त्या खालच्या फळीवरच्या सांगाड्याचं चित्र काढत होता. मामा त्याला म्हणाले होते, अरे, वर बिबट्या आहे, तो घे. पोरगा म्हणाला होता, "नको. हा वेगळाच उभा आहे." ते वाक्य मामांना आता जसंच्या तसं आठवलं.

पुढचे तीन आठवडे मामांच्या घरात नवलच झालं. डोंगरपाठाचा निकाल मतदानाने लागायचा होता, आणि मंडळाचा नियम असा की एकदा लागलेला निकाल पुन्हा उघडायचा नाही. "या वेळी हसले तर मी जाणं बंद करीन," सून सहज म्हणावं तसं म्हणाली, पण मामींनी मामांकडे पाहिलं. या गावात त्या पोरीचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक, कागद आणि मामा. पाणमांजराची दाढ कशी असते, मांडीचं हाड आखूड का असतं, पोहताना शेपूट काय करते, सगळं मामांनी तिला सांगितलं. ती विचारायची आणि विचारतच राहायची. "मग बाबा, कानाचं भोक एवढं लहान का?" "मग मिशा कशाला?" एकदा तर मामा आंघोळीला गेले असताना दाराबाहेरून तिने विचारलं की पाणमांजराला घाम येतो का. मामी स्वयंपाकघरात हसत सुटल्या. छत्तीस वर्षांत इतका चौकस विद्यार्थी मामांना मिळाला नव्हता. त्यांना फार आनंद होत होता, आणि त्या आनंदातच मन खात होतं.

कारण पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं होतं, "तुमच्याकडे पाणमांजराचा सांगाडा आहे का? मला दाखवाल?"

आणि मामा म्हणाले होते, "होता. आता कुठे असेल, शोधायला लागेल."

दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. मामा म्हणाले, कपाटाची किल्ली सरांकडे आहे. किल्ली त्यांच्या कमरेला होती. डोंगरपाठाच्या मदारीबद्दल तिने विचारलं, की मामा म्हणायचे, चित्रकाराची कल्पना असेल, तू दातांवर भर दे.

मतदानाच्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही याल? नुसतं मागे बसा." मामी म्हणाल्या, "जाल की. इथे बसून तरी काय करणार आहात." मामा गेले.

वरची खोली गच्च भरली होती. भिंतीवर डोंगरपाठाचं मोठं चित्र. अस्वलवाले खिडकीपाशी, गवेवाले दारापाशी, आणि मधोमध तरसवाले, कारण तेच सगळ्यांत जास्त. त्यांचा पुढारी कवळ्या बनवणारा एक गृहस्थ होता. सगळे त्याला दातवाला म्हणत. बोलायला गोड, पण समोरच्याचं बोलणं दाताखाली धरून बघायची सवय. मागच्या रांगेत एक निवृत्त पोस्टमनबाई होत्या. त्या पहिल्यापासून उंट म्हणत होत्या आणि कुणाचंच ऐकत नव्हत्या.

सून उभी राहिली. आधी आवाज बसका, मग मोकळा. तिने दात सांगितले, कवटी सांगितली, पडदा सांगितला. शेपटीवर आली तेव्हा खिडकीपाशी दोन माना हलल्या. मामा मागच्या बाकावर ताठ बसले होते. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

दातवाला उठला. "ताई, दातांबद्दल तुम्ही बोललात ते मला पटलं, आणि दातांतलं मला कळतं. पण मला एकच सांगा. या प्राण्याचं नाव काय? डोंगरपाठ. पाठ हाच प्राणी आहे. तरसाचे खांदे उंच असतात, सगळ्यांना दिसतात. पाणमांजराला मदार दाखवा, मी आत्ता माझं मत बदलतो."

सून कागद चाळू लागली. त्या कागदांत ते नव्हतं, आणि का नव्हतं ते खोलीत एकाच माणसाला माहीत होतं.

"ती... चित्रकाराची कल्पना असावी," ती म्हणाली.

"म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला नाही?"

"पाणी पिऊन फुगलं असेल," कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली. वाईट नव्हतं ते हसणं, रविवारचं होतं. पण सून कागद मिटून खाली बसायला वळली.

मामा उठले. "बसू नकोस," ते म्हणाले. "मंडळी, मी हिचा सासरा. कॉलेजात हाडं बांधतो. त्या चित्रातल्या पुढच्या पायाचा अंगठा बघा."

पस्तीस माणसं भिंतीकडे वळली. कुणी चष्मा लावला, कुणी काढला.

"बाहेरच्या बाजूला आहे," पोस्टमनबाई म्हणाल्या.

"मागचा?"

"आत," दातवाला सावकाश म्हणाला. "अरेच्चा. इतकी वर्षं बघतोय."

"तरसाला पुढे अंगठा जवळजवळ नसतोच. गव्याला तर बोटंच नाहीत. असा पाय जगात कुठल्याच प्राण्याला नाही." थांबलो तर पुढचं बोलणार नाही हे मामांना माहीत होतं. "डावा पाय उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला, तरच अंगठा बाहेर येतो. खांदे बरगड्यांवर बसत नाहीत, वर येतात. ढोपरं बाहेर जातात. ती मदार आहे ना, ती मदार नाही. ती चूक आहे. पाणमांजराच्या सांगाड्यात झालेली. चित्रकार चार दुपारी आमच्या कपाटापुढे पालथा पडून तो सांगाडा काढत होता. मी पाहिलंय. आणि तो सांगाडा मी बांधलाय."

कुणी हसलं नाही. मामा हसण्याची वाट बघत राहिले, इतकी वर्षं ज्याला घाबरले ते आता येईल म्हणून. आले ते प्रश्न.

"आहे तो अजून?" "तार कसली वापरली होती?" "पण खांदा निसटतो कसा?" दातवाला तर पुढेच येऊन बसला. "मामा, माझ्याकडून एकदा दोन बायकांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली होती. दोघींनी आठवडाभर तक्रार केली नाही. म्हणाल्या, सवय होईल." आता मात्र खोली हसली, आणि मामाही हसले, डोळे पुसत हसले. मग त्यांनी मंडळातल्या दोघांना पुढे बोलावलं, एकाला उताणं झोपवलं आणि डावं-उजवं कसं फसवतं ते सगळ्यांना दाखवलं. उद्या चार वाजता सगळ्यांनी विभागात यायचं ठरलं. सरांना मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

मतदान झालं. चौतीस पाणमांजर, एक उंट.

लोक सुनेभोवती जमले. दातवाल्याने तिच्यापुढे हात जोडले. पण मामा बघत होते, आणि ती हसत नव्हती. ती "हो", "आभारी आहे" म्हणत होती, घरात म्हणायची तसं, मोजून.

दोघं परत निघाले. रस्त्यावर रविवारची दुपार, दुकानं अर्धी बंद. मामांना वाटलं, पोरीला भरून आलं असेल. निवृत्तीच्या तोंडावर सगळ्यांसमोर आपण हे केलं ते तिच्यासाठी, हे तिला कळलं असेल. त्यांना जरा बरंही वाटायला लागलं होतं.

बँकेच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"चित्र मी दाखवलं, तेव्हा चष्मा पुसायला उठून गेलात," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं ना?"

मामांनी कमरेची किल्ली चाचपली.

"म्हणजे तीन आठवडे माहीत होतं. मी सांगाडा दाखवा म्हणत होते. किल्ली सरांकडे आहे म्हणालात."

"किल्ली माझ्याकडेच असते," मामा म्हणाले. "लाज वाटली. भीती वाटली. इतकी वर्षं लोकांना डावं-उजवं शिकवत आलो..."

"मी रोज तुमच्यासमोर बसून मदारीबद्दल विचारत होते. दोनदा नाही, दहादा. मला वाटायचं, आपल्यालाच कळत नाहीये." तिचा आवाज चढला. शेजारचा किराणावाला शटर अर्ध्यावर धरून बघू लागला. "ते आज हसले ना, तेव्हा मला वाटलं, आता संपलं सगळं. आणि उत्तर मागच्या बाकावर बसलं होतं." तिचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. "बाबा, तू मला सांगायला हवं होतंस."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती रागातच होती, आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आपल्या वडिलांशी भांडावं तशी ती भर रस्त्यात त्यांच्याशी भांडत होती.

"हो गं," मामा म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

मामांनी सांगायला सुरुवात केली, कोळ्याच्या जाळ्यापासून. ती मध्येच अडवत होती, उलट विचारत होती, पुन्हा चिडत होती, आणि दोघं घराचं वळण चुकून तसेच पुढे चालत राहिले.